व्हिसा नको, पण…

अमेरिकेत शिरायला ज्यांना व्हिसा लागत नाही, अशा लोकांचा हेवा वाटतो ना? मलाही वाटला होता. त्यांची गोष्ट कळेपर्यंत!

यूएस व्हिसा म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो. बीकेसीतल्या कॉन्सुलेटबाहेरची रांग, हातातली जाडजूड फाइल आणि आत गेलेला मित्र हसत बाहेर येतो की पडेल चेहऱ्याने, याचं टेन्शन. माझा मावसभाऊ या सगळ्यातून पार पडून एच-वन-बीवर बेंटनव्हिलला पोचला. अरकान्सासमधल्या या गावात वॉलमार्टचं मुख्यालय आहे, त्यामुळे आयटीवाल्या भारतीयांची इथे चांगलीच गर्दी आहे.

मी त्याच्याकडे गेले होते, तेव्हा एका रविवारी त्याने मला जवळच्या स्प्रिंगडेलला नेलं. तिथल्या एका छोट्या दुकानात काउंटरमागे एक बाई बसल्या होत्या. अंगात आपल्याकडच्या गाऊनसारखा फुलाफुलांचा सैल ड्रेस, अंबाड्यात नक्षीदार कंगवा. आम्हाला बघून त्या हसून म्हणाल्या, ‘याक्वे!’ मार्शलीज भाषेत याचा अर्थ हॅलो, आणि प्रेमसुद्धा.

बाहेर आल्यावर भाऊ म्हणाला, ‘यांची मजा आहे बघ. पासपोर्ट दाखवायचा आणि आत! ना लॉटरी, ना स्टॅम्पिंग.’ मीही मनात म्हटलं, काय नशीब! घरी आल्यावर वाचायला बसले, आणि हेवा पार उतरला.

बिकिनी आधी बेट होतं

मार्शल आयलंड्स हा पॅसिफिक महासागरातला २९ प्रवाळ कंकणं आणि ५ बेटांचा देश. त्यातल्याच एका कंकणाचं नाव बिकिनी. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेला अणुचाचण्यांसाठी जागा हवी होती. १९४६ साली एका रविवारी चर्च सुटल्यावर नौदलाच्या अधिकाऱ्याने बिकिनीच्या लोकांना सांगितलं, मानवजातीच्या भल्यासाठी बेट तात्पुरतं सोडा. १६७ माणसं बोटीत बसली. ज्या बेटावर त्यांना नेऊन सोडलं, तिथे खायचे वांधे झाले.

त्याच वर्षी १ जुलैला बिकिनीवर पहिला स्फोट झाला. चार दिवसांनी पॅरिसमध्ये लुई रेआर या डिझायनरने टू-पीस स्विमसूट लाँच केला आणि त्याला हेच नाव दिलं. आज बिकिनी म्हटल्यावर आपल्याला काय आठवतं, ते सांगायला नकोच.

१९५८ पर्यंत बिकिनी आणि एनेवेटाक इथे मिळून ६७ चाचण्या झाल्या. १ मार्च १९५४ चा ‘ब्राव्हो’ हा हायड्रोजन बॉम्ब हिरोशिमाच्या बॉम्बच्या सुमारे हजारपट ताकदीचा होता. शेजारच्या राँगेलॅपवर आकाशातून पांढरी भुकटी पडली. मुलं तिच्यात खेळली. तिथल्या लोकांना हलवायला दोन दिवस लागले.

एक करार, हजारो कोंबड्या

१९४७ पासून ही बेटं अमेरिकेच्याच ताब्यात होती. १९८६ साली ‘कॉम्पॅक्ट ऑफ फ्री असोसिएशन’ हा करार लागू झाला. अमेरिकेला त्या समुद्रात लष्करी हक्क मिळाले, क्वाजालीनवरचं क्षेपणास्त्र चाचणी केंद्रही राहिलं. बदल्यात पैसा, आणि मार्शलीज लोकांना अमेरिकेत व्हिसाविना राहायची, शिकायची, नोकरी करायची मुभा. माझा भाऊ ज्याला नशीब म्हणतो, ते हे!

पण बेटांवरून थेट अरकान्सासच का? उत्तर आहे चिकन. स्प्रिंगडेल हे टायसन फूड्सचं गाव. ऐंशीच्या दशकात इथे एक मार्शलीज तरुण कामाला लागला. त्याने घरी कळवलं, नोकऱ्या आहेत, या. मग भाऊ आला, मावशी आली, अख्खं खानदान आलं. आपल्याकडे कोकणातला एक जण मुंबईत गिरणीला लागला की मागून अर्धा गाव यायचा, अगदी तस्सं. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरची सर्वांत मोठी मार्शलीज वस्ती आज इथेच आहे.

टॅक्स भरा, दवाखाना विसरा

आता खरी मेख. व्हिसा लागत नाही, पण म्हणून ते नागरिक होत नाहीत. कितीही वर्षं राहिलं तरी या दर्जावर आपोआप ग्रीन कार्ड मिळत नाही. टॅक्स भरायचा, वाटलं तर अमेरिकन सैन्यातही जायचं, पण मत द्यायचं नाही. वर १९९६ च्या एका कायद्याने त्यांचं मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, काढून घेतलं. या समाजात डायबेटिसचं प्रमाण प्रचंड. चाचण्यांनंतर मासे-नारळाच्या जागी डबाबंद मांस आणि पांढरा तांदूळ ताटात आला, हे त्याचं एक मोठं कारण.

मग २०२० मध्ये कोविड आला. चिकन प्लांटमध्ये खांद्याला खांदा लावून काम, घरात तीन-तीन पिढ्या, विमा नाही. परिसरातल्या दोन काउंटींच्या लोकसंख्येत मार्शलीज जेमतेम २-३ टक्के, पण त्या वर्षी जूनपर्यंतच्या रुग्णांमध्ये सुमारे १९ टक्के. डिसेंबर २०२० मध्ये मेडिकेड परत मिळालं. चोवीस वर्षांनी!

परतीचं तिकीट

इथे जन्मलेली मुलं मात्र जन्मतःच अमेरिकन. बाळाचा पहिला वाढदिवस, ‘केमेम’, म्हणजे आपल्याकडच्या लग्नाइतका थाट. २०२१ च्या जनगणनेत मार्शल आयलंड्सवर सुमारे ४२ हजार माणसं उरली होती. अमेरिकेत त्याच्या वर्षभर आधीच मार्शलीज वंशाचे ५२ हजारांवर लोक होते. देश एकीकडे आणि माणसं दुसरीकडे.

स्प्रिंगडेलमधले सगळेच बिकिनीचे नाहीत. कुणी शाळेसाठी आलं, कुणी नोकरीसाठी, कुणी डायलिसिससाठी. पण समुद्रसपाटीपासून सरासरी दोनेक मीटर उंचीच्या त्या बेटांवर समुद्र चढतोय, हे सगळ्यांनाच माहीत आहे. आणि बिकिनीवर तर आजही वस्ती नाही. ते ‘तात्पुरतं’ अजून संपलेलं नाही.

परवा फोनवर भाऊ ग्रीन कार्डच्या रांगेबद्दल कुरकुरत होता. नाहीच मिळालं तर पुण्याला परत येईन, म्हणाला. मी म्हटलं, ये. फ्लॅट आहे, आई आहे, खोली तशीच ठेवलीये.

फोन ठेवल्यावर मला दुकानातल्या त्या बाई आठवल्या.