आधी नाव, मग पिक्चर!

लग्नघरात नवरीला घेरून सगळ्याजणी कशा मागे लागतात? 'नाव घे, नाव घे!' चेन्नईच्या थिएटरात अगदी तसाच गलका होतो. फक्त तिथं नाव नवऱ्याचं नसतं, दिग्दर्शकाचं असतं! हिरोचं नाव झळकलं की शिट्ट्या, आणि दिग्दर्शकाच्या नावाची पाटी आली की पुन्हा शिट्ट्या. तिकडे दिग्दर्शक हाच ब्रँड. म्हणून आज आपण कोडंबाक्कमच्या गल्ल्यांतून एक चक्कर मारू. हा चेन्नईचा स्टुडिओंचा भाग, 'कॉलीवूड'मधला 'कॉ' इथूनच आला. चला, पट्टा बांधा, गाडी सुसाट सुटणार आहे!

पहिली गंमत नावाच्याच पोटात आहे. माहीत आहे का, बहुतेक तमिळ माणसं आडनाव लावतच नाहीत? आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी तीन डब्यांची गाडी. तिकडे वडिलांच्या नावाचं आद्याक्षर पुढे, मागे स्वतःचं नाव, झालं! त्यामुळे तमिळ नाव जन्मतःच लोगोसारखं आटोपशीर असतं. 'काला'चे दिग्दर्शक पा. रंजित बघा. त्यांच्या नावातला 'पा.' हा इंग्रजी 'पी' नव्हे, तमिळ अक्षर आहे. एकाच अक्षरात भाषेचा अभिमान! मला हे फार आवडतं.

आद्याक्षरांवरून आठवलं. चेन्नईतल्या वडपळनीच्या रस्त्यावर एक मोठा पृथ्वीगोल दिसतो. तो एव्हीएम स्टुडिओचा. एव्हीएम म्हणजे काय? ए. व्ही. मेय्यप्पन! मालकाची आद्याक्षरं हीच कंपनीची पाटी. कंपनी १९४५ ची, पण आजही कुठल्याही रिक्षावाल्याला 'एव्हीएम' म्हणा, पुढचा पत्ता सांगावा लागत नाही.

आणि जेमिनी स्टुडिओचे एस. एस. वासन? मूळ नाव श्रीनिवासन. त्यातला 'श्रीनि' गेला, 'वासन' राहिला, आणि तेवढ्यावर 'चंद्रलेखा' (१९४८) देशभर गाजला. जेमिनीच्या लोगोत दोन गुटगुटीत बाळं बिगूल वाजवतात. मराठी माणसाला हे पाहून लगेच प्रभातची तुतारीवाली आठवणार! पुण्यात तुतारी, मद्रासला बिगूल. पिक्चर सुरू होण्याआधी कुणीतरी फुंकर मारायलाच हवी! जेमिनी स्टुडिओ कधीच पडला, पण त्या चौकातल्या १९७३ च्या उड्डाणपुलाला लोक अजून 'जेमिनी फ्लायओव्हर'च म्हणतात. सरकारी कागदावर तो अण्णा फ्लायओव्हर आहे. ब्रँडची ताकद बघा, स्टुडिओ गेला आणि नाव पुलावर जाऊन बसलं.

एमजीआर यांनी तर कमालच केली. एम. जी. रामचंद्रन या नावाची आद्याक्षरं लोक तोंडानं म्हणायचे, तशीच्या तशी एका शब्दात लिहून काढली आणि बॅनर तयार: 'एमजीयार पिक्चर्स'! याच बॅनरखाली १९५८ चा 'नाडोडी मन्नन' आला. निर्माता तेच, दिग्दर्शक तेच, हिरो तेच, आणि तोही डबल रोलमध्ये. बॅनरच्या चिन्हात एक पुरुष आणि एक स्त्री त्यांच्या पक्षाचा झेंडा धरून उभे. पिक्चर सुरू व्हायच्या आधीच प्रचार सुरू! पुढे हेच एमजीआर तमिळनाडूचे मुख्यमंत्री झाले.

बॅनरच्या वेडावर एक झकास पात्रही आहे. श्रीधर यांच्या 'कादलिक्क नेरमिल्लै'मध्ये (१९६४) नागेश यांनी चेल्लप्पा रंगवलाय. खिशात दमडी नाही, पण घरातल्या घरात कंपनी काढून मोकळा. नाव काय? 'ओहो प्रॉडक्शन्स'! पैसे वडिलांनी द्यावेत म्हणून तो त्यांना भुताची गोष्ट ऐकवतो. भुताच्या हालचाली, दाराची करकर, सगळे आवाज तोंडानंच. बालय्या यांनी रंगवलेले वडील खुर्चीत आक्रसत जातात, डोळे मोठे, तोंड उघडं, घाम फुटलेला. भाषा एक शब्द कळत नसली तरी हा सीन बघा. साठ वर्षं झाली, अजून पोट दुखेपर्यंत हसवतो.

आता जरा उंचावर जाऊ. माहीत आहे का, चेन्नईत दिग्दर्शकांना डोंगरांच्या पदव्या मिळतात? के. बालचंदर म्हणजे 'इयक्कुनर सिगरम', दिग्दर्शकांमधलं शिखर. भारतीराजा म्हणजे 'इयक्कुनर इमयम', दिग्दर्शकांमधला हिमालय. एक शिखर, एक हिमालय, आणि दोघांचे पाय मात्र पक्के जमिनीवर! बालचंदर यांनी मध्यमवर्गाच्या घरातली घुसमट पडद्यावर आणली, तर भारतीराजांनी '१६ वयदिनिले'मधून (१९७७) कॅमेरा स्टुडिओबाहेर काढून थेट खेड्यात नेला.

बालचंदर यांच्या 'कवितालया'चा लोगो म्हणजे प्राचीन तमिळ कवी तिरुवळ्ळुवर यांची मूर्ती आणि सोबत त्यांच्या तिरुक्कुरळमधली पहिली ओळ. आपण शुभकार्याला श्रीगणेशा करतो ना, तसा पिक्चरचा श्रीगणेशा!

भारतीराजांची सही तर कानांनी ओळखायची. अंधार होतो, आणि त्यांच्या स्वतःच्या आवाजात हाक येते, 'एन इनिय तमिळ मक्कळे', म्हणजे 'माझ्या लाडक्या तमिळ माणसांनो'. कीर्तनकार बुवा उभे राहून श्रोत्यांना साद घालतात, तशी. पोस्टरवर नाव सगळेच लावतात हो, पण आवाजाचा ट्रेडमार्क कितीजणांकडे असतो?

आता कान इकडे करा, कारण ही गोष्ट खास आपली आहे. माहीत आहे का, तमिळ पडद्यावर दोन शिवाजी झाले आणि दोघांचा धागा महाराष्ट्राशी जुळतो?

पहिले गणेशन. अण्णादुराईंच्या नाटकात त्यांनी छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका अशी काही वठवली की पेरियार यांनी त्यांना 'शिवाजी' हेच नाव दिलं. तेव्हापासून ते शिवाजी गणेशन. दुसरे बंगळुरूच्या मराठी घरातले शिवाजीराव गायकवाड. ते मद्रासला आले तेव्हा एक शिवाजी आधीच गादीवर! मग बालचंदर यांनी आपल्याच 'मेजर चंद्रकांत'मधल्या एका पात्राचं नाव त्यांना देऊन टाकलं: रजनीकांत. १९७५ च्या 'अपूर्व रागंगळ'मधून हे नाव पडद्यावर आलं. पुढचा इतिहास तुम्हाला पाठ आहे.

पण थांबा, चक्र पूर्ण होतंय! २००७ मध्ये एव्हीएमनं पिक्चर काढला, दिग्दर्शक शंकर, हिरो रजनीकांत, आणि पिक्चरचं नाव? 'शिवाजी'! जे नाव दारात सोडून आत यावं लागलं, तेच ३२ वर्षांनी सगळ्यात मोठ्या अक्षरांत पोस्टरवर. आणि शेवटाकडे हा शिवाजी वेश पालटून परत येतो तेव्हा नाव काय सांगतो? एम. जी. रविचंद्रन. म्हणजे एमजीआर! एका तिकिटात तीन दिग्गज. पैसा वसूल!

रजनीकांत यांच्या नावाची ती ठिपक्याठिपक्यांनी उजळत जाणारी 'सुपरस्टार' पाटी आठवते? ती पहिल्यांदा आली १९९२ च्या 'अण्णामलै'मध्ये, दिग्दर्शक सुरेश कृष्णा. संगीतकार देवा यांच्या तालावर एकेक अक्षर लागतं आणि थिएटर छप्पर उडवायला घेतं. पुढच्या पिक्चरांचे दिग्दर्शक बदलले, पाटी तीच राहिली.

आता बोटं मोकळी ठेवा, मोजायचं आहे. टी. राजेंदर हे नाव ऐकलंय? कथा त्यांची, पटकथा त्यांची, संवाद त्यांचे, गाणी त्यांची, संगीत त्यांचं, दिग्दर्शन त्यांचं, आणि पडद्यावर पुन्हा तेच! पण खरी गंमत त्यांच्या पिक्चरांच्या नावांत आहे. 'मैथिली एन्नै कादली' (१९८६) तमिळमध्ये लिहा आणि अक्षरं मोजा. मै, थि, लि, ए, न्, नै, का, द, लि. किती झाली? नऊ! तमिळमध्ये डोक्यावर टिंब असलेलं अर्धं व्यंजनही वेगळं अक्षर धरतात, म्हणून 'न्' सुटं मोजायचं.

योगायोग वाटतो? मग 'एन तंगै कल्याणी' (१९८८) घ्या. ए, न्, त, ङ्, गै, क, ल्, या, णि. पुन्हा नऊ! 'ओरु तायिन शबदम' (१९८७)? नऊ! 'तंगैक्कोर गीतम' आणि 'उयिरुळ्ळवरै उषा', दोन्ही १९८३ चे? मी बोटं मोडून मोजलीत, नऊ आणि नऊ! दिग्दर्शकाचं नाव झाकून ठेवा, नुसतं शीर्षक मोजा, माणूस सापडतो. इतकी अदृश्य आणि इतकी पक्की सही मी दुसऱ्या कुणाची पाहिलेली नाही. हा सिंबूचा बाबा, म्हणजे हिरो सिलंबरसन यांचे वडील, नवरस सोडा, नवाक्षरांचा बादशहा आहे!

नऊवरून थेट सुट्टीवर. वेंकट प्रभू यांचे पिक्चर पाहिलेत? 'अ फिल्म बाय' ही ओळ जगभर झिजून गुळगुळीत झालीय. या पठ्ठ्यानं त्यातला 'फिल्म' उचलून फेकून दिला आणि दर वेळी नवा शब्द बसवला. 'गोवा' (२०१०) आला तेव्हा लिहिलं 'अ वेंकट प्रभू हॉलिडे'. जुगार आणि लुटीच्या 'मंकाता'ला (२०११) 'अ वेंकट प्रभू गेम'. 'बिर्याणी'ला (२०१३) काय असेल? 'अ वेंकट प्रभू डाएट'! बिर्याणी आणि डाएट, एकाच पोस्टरवर! मुख्यमंत्र्यांच्या सभेभोवती फिरणारा, तोच दिवस पुन्हा पुन्हा जगायला लावणारा 'मानाडु' (२०२१)? 'पॉलिटिक्स'. 'कस्टडी'? 'हंट'. आता फॅन पिक्चरच्या घोषणेसोबत त्या एका शब्दाचीही वाट बघतात. 'अ' सोडला तर तीन शब्दांची जाहिरात, त्यातले दोन स्वतःचं नाव, आणि तरी कुणाला मिरवल्यासारखं वाटत नाही. का? कारण तो तिसरा शब्द प्रेक्षकाला हसवतो.

जरा परदेशात डोकावू या का? २०१३ चा 'द बटलर'. वॉर्नर ब्रदर्सकडे याच नावाचा १९१६ चा एक छोटा मूकपट निघाला, आणि नावावरून वाद पेटला! तोडगा काय? दिग्दर्शकाचं नाव पुढे लावा. झालं 'ली डॅनियल्स द बटलर'. ९७ वर्षांपूर्वीच्या एका मूकपटानं एवढा आवाज केला!

आणि 'टिम बर्टन्स द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस' (१९९३) कुणी दिग्दर्शित केला? टिम बर्टन? चूक! हेन्री सेलिक यांनी. बर्टन यांची कल्पना आणि निर्मिती, पण नाव शीर्षकातच असल्यानं भल्याभल्यांची विकेट पडते. पुढच्या क्विझला हा प्रश्न नक्की टाका.

नाव लपवायचं असेल तर? हॉलीवूडमध्ये त्यासाठीही एक 'माणूस' होता, ॲलन स्मिथी. पिक्चर हातातून निसटला आणि दिग्दर्शकाला नाव नको असेल, तर दिग्दर्शकांच्या संघटनेच्या परवानगीनं हे खोटं नाव लागायचं. १९६९ च्या 'डेथ ऑफ अ गनफायटर'पासून सुरुवात. पुढे याच ॲलन स्मिथीवर पिक्चर निघाला, आणि त्याचे दिग्दर्शक आर्थर हिलर यांनी त्यावरूनही आपलं नाव काढून घेतलं. मग श्रेय कुणाला? ॲलन स्मिथीलाच!

चला, परत चेन्नईला, मरीनाच्या वाळूवर. मणिरत्नम यांच्या कंपनीचं नाव 'मद्रास टॉकीज'. स्थापना १९९५. आणि शहराचं नाव मद्रासचं चेन्नई कधी झालं? १९९६! शहरानं वर्षभरात पाटी बदलली, कंपनीनं नाही बदलली. मद्रास आता पिक्चरच्या सुरुवातीला भेटतं. स्वतः मणिरत्नम यांचं मूळ नावही वेगळंच, गोपालरत्नम सुब्रमण्यम.

मिष्किन हे दिग्दर्शक ठाऊक आहेत? काळा चष्मा कायम डोळ्यांवर. हे नाव तमिळ वाटतं का? थेट रशियातून आलंय! दोस्तोएव्हस्कीच्या 'द इडियट' कादंबरीचा नायक प्रिन्स मिश्किन, त्याच्यावरून. आणि 'जवान'वाले ॲटली? मूळ नाव अरुण कुमार, कंपनीचं नाव 'ए फॉर ॲपल'. ए फॉर ॲटलीसुद्धा!

बॅनरच्या नावातली एक जुळी जोडी सांगतो. मुंबईत परळला व्ही. शांताराम यांचं राजकमल, वडील राजाराम आणि आई कमल यांच्या नावांवरून. चेन्नईत कमल हासन यांचं राज कमल फिल्म्स, आणि त्यातला कमल म्हणजे खुद्द कमल! एकानं आईबापाचं नाव काढलं, दुसऱ्यानं स्वतःचं.

याच चेन्नईच्या राज कमलच्या 'विक्रम'च्या (२०२२) वेळी दिग्दर्शक लोकेश कनगराज यांनी प्रेक्षकांना चक्क होमवर्क दिला. यायच्या आधी माझा 'कैदी' (२०१९) पुन्हा बघून या! लोकांनी आनंदानं बघितला. आता या जगाला नावच पडलंय, 'लोकेश सिनेमॅटिक युनिव्हर्स', लाडानं एलसीयू. पोस्टरवर नाव लावणारे खूप झाले, अख्ख्या विश्वावर नाव लागलं ते या तरुणाचं.

शंकर यांनी हीच ताकद दुसऱ्यांसाठी वापरली, आणि त्यासाठी त्यांना कडक सलाम. त्यांच्या 'एस पिक्चर्स'चा पहिला पिक्चर १९९९ चा 'मुदल्वन'. आपण तो हिंदीत 'नायक' म्हणून पाहिला, एका दिवसाचा मुख्यमंत्री अनिल कपूर. पण नंतर याच बॅनरखाली 'कादल' (२००४) आणि 'वेयिल' (२००६) आले, छोट्या बजेटचे, त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या बालाजी शक्तिवेल आणि वसंतबालन यांचे. 'मुदल्वन'वाल्या माणसाचं नाव वर होतं म्हणून लोक थिएटरात शिरले, आणि रडत बाहेर आले. गुरूचं नाव शिष्याच्या कामी आलं.

आणि आता माझा सगळ्यात लाडका किस्सा. तमिळ पिक्चरच्या श्रेयनामावलीत शेवटच्या पाटीवर ठरलेली ओळ असते, 'कदै, तिरैकदै, वसनम, इयक्कम'. म्हणजे कथा, पटकथा, संवाद, दिग्दर्शन. खाली दिग्दर्शकाचं नाव. २०१४ मध्ये पार्थिबन यांनी पिक्चर काढला, गोष्ट कशाची, तर पिक्चरसाठी गोष्ट शोधणाऱ्या मुलांची. त्याचं शीर्षक काय ठेवलं असेल?

'कदै तिरैकदै वसनम इयक्कम'!

आता शीर्षक आणि दिग्दर्शक शेजारीशेजारी ठेवून वाचा: कथा, पटकथा, संवाद, दिग्दर्शन, पार्थिबन. यात पिक्चरचं नाव कुठं संपलं आणि श्रेय कुठं सुरू झालं, सांगा बघू!