खाट नसलेला विभाग : बालकांच्या भावनिक आरोग्याविषयी



रुग्णालयाच्या जमाखर्चात प्रत्येक विभागाचे माप ठरलेले असते : खाटा किती, शस्त्रक्रिया किती, तपासण्या किती. बालकांच्या भावनिक आरोग्याचे काम या मापात बसत नाही. त्यास खाट लागत नाही, यंत्र लागत नाही, आणि ते यशस्वी झाले तर काही घडल्याचे दिसतही नाही. मग अशा कामासाठी आम्ही निधी का मागतो, हे स्पष्ट करणे आमचे कर्तव्य आहे.

द्वारका परिसरातील पालक मुलांना आमच्या बाह्यरुग्ण विभागात आणतात ते पुष्कळदा पोटदुखी वा डोकेदुखीसाठी. काहींच्या सर्व तपासण्या निर्दोष येतात. दुखणे मात्र शाळेच्या दिवशी सकाळी उद्भवते आणि रविवारी नसते. हे ढोंग नव्हे. मनावरील ताण शरीरावाटे व्यक्त होतो, कारण तो सांगण्यास मुलापाशी शब्द नसतात. भीती, लाज, मत्सर, एकटेपणा या सर्वांसाठी हल्लीची मुले एकच शब्द वापरतात : टेन्शन.

या कामी महाराष्ट्रात ज्यांचे उदाहरण आमच्यासमोर आहे, ते डॉ. आनंद नाडकर्णी. ते पेशाने मनोविकारतज्ज्ञ. २३ मार्च १९९० रोजी त्यांनी ठाण्यात 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्था स्थापन केली. संस्थेच्या नावात आजार नाही, आरोग्य आहे, याकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो. १९८६ साली पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राच्या कार्याशीही ते निगडित राहिले. प्रौढ वयात दिसणाऱ्या व्यसनाची मुळे अनेकदा शाळकरी वयात असतात. तेव्हा अशा कार्यकर्त्याचे लक्ष विद्यार्थ्यांकडे वळावे हे स्वाभाविकच. 'वेध' हा त्यांच्या संस्थेचा उपक्रम विविध क्षेत्रांतील माणसांना व्यासपीठावर बोलते करतो. मुले त्यांचे यश ऐकतात, आणि आमच्या मते अधिक मोलाचे म्हणजे, त्यांचे अपयशही ऐकतात. ठाण्याबाहेर नाशिकसह अनेक शहरांत हा उपक्रम पोहोचला.

या कामामागे एक शास्त्र आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून आपल्याकडे रुजवली. तिचे सूत्र हिशेबासारखे सुटसुटीत आहे. समजा, आठवीतील मुलास घटक चाचणीत कमी गुण मिळाले. ही घटना. तो स्वतःशी म्हणतो, 'मला चांगले गुण मिळालेच पाहिजेत, नाहीतर मी निकामी.' हा त्याचा ग्रह. त्यातून येणारी निराशा, शाळा टाळणे, हा परिणाम. आपण सारे घटनेस दोष देतो. ही पद्धती मधल्या ग्रहावर बोट ठेवते. 'गुण कमी पडले, मला वाईट वाटले, पुढे अधिक अभ्यास करीन' असे म्हणणाऱ्या मुलासही दुःख होतेच; पण ते त्याला घरी बसवत नाही. हा फरक उपदेशाने शिकवता येत नाही. तो गोष्टी, नाट्यप्रवेश व गटचर्चा यांतून वारंवार घोटून घ्यावा लागतो. त्याला वेळ लागतो, आणि प्रशिक्षित माणूस लागतो.

शासनानेही ही निकड मान्य केली आहे. आयुष्मान भारत अंतर्गत २०२० साली सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात भावनिक स्वास्थ्याचा समावेश आहे आणि प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना त्यासाठी तयार करण्याची योजना आहे. ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. रुग्णांच्या आप्तांनी हा क्रमांक घरी लिहून ठेवावा.

आता मूळ मुद्दा. यंत्रासाठी वा खोलीसाठी दिलेली देणगी त्याच कामी खर्च करणे आम्हांस बंधनकारक आहे. तिच्यातून मानसशास्त्रज्ञाचे मानधन देता येत नाही. यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते, आठवड्यातून दोनदा शाळेत जाऊन मुलांशी बोलणाऱ्या व्यक्तीवर नाही. देणगी देताना 'बालमार्गदर्शन' असा उल्लेख केल्यास ती रक्कम स्वतंत्र खात्यात जमा होईल व तिचा हिशेब पुढील अहवालात वेगळा दाखविण्यात येईल.

पालकांना इतकेच कळवितो की, मुलाचे दुखणे वारंवार शाळेच्याच दिवशी येत असेल, तर ते बालरोगतज्ज्ञांना आवर्जून सांगावे. त्याच केसपेपरवर पुढची भेट ठरविता येते.