नवे जलशुद्धीकरण केंद्र आणि आपला धंदा

साजगाव, खोपोली, खालापूर, कर्जत या पट्ट्यात वस्ती वाढते आहे. वस्तीबरोबर खानावळी, बेकऱ्या, चहाची दुकाने, गॅरेज वाढतात आणि या प्रत्येकाला पाणी लागते. अशा भागाला आज ना उद्या नवे जलशुद्धीकरण केंद्र बांधावे लागते. ते किती मोठे बांधायचे हे कसे ठरते, हे व्यापारी व कारागीर बांधवांनी समजून घ्यावे. एकदा आकडा ठरला की पुढे अनेक वर्षे त्यातच भागवावे लागते.

केंद्रात काय होते?

नदीचे किंवा धरणाचे पाणी आधी उंचावरून पाडून हवेशी खेळवतात. मग त्यात तुरटी मिसळतात. गढूळपणाचे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात व निवळण टाकीत तळाशी बसतात. वरचे पाणी वाळूच्या थरातून गाळतात आणि शेवटी क्लोरीन देतात. पावसाळ्यात पाणी गढूळ झाले की तुरटी जास्त लागते, वाळू वारंवार धुवावी लागते आणि केंद्राचा खर्च वाढतो.

आधी पाणी, मग केंद्र

केंद्र पाणी शुद्ध करते, निर्माण करीत नाही. आपल्या भागात हे विसरून चालणार नाही. खोपोलीचे टाटांचे वीजकेंद्र १९१५ साली सुरू झाले. घाटावरच्या तलावांचे पाणी वीज तयार करून खाली पाताळगंगेत येते. उन्हाळ्यात नदीची धार बरीचशी या सोडलेल्या पाण्यावर अवलंबून असते. वीजनिर्मिती थांबली की धार बारीक होते.

दुसरे उदाहरण मोरबे धरणाचे. धरण खालापूर तालुक्यात, धावरी नदीवर आहे. नवी मुंबई महापालिकेने ते २००२ मध्ये महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून विकत घेतले. भोकरपाडा येथील केंद्रात रोज ४५ कोटी लिटर पाणी शुद्ध करण्याची सोय आहे. ज्या शहराने पुढची गरज वेळेवर मोजली, त्याने दुसऱ्या तालुक्यातले पाणी बांधून घेतले.

आकडा कसा ठरतो?

पुढच्या वर्षांची लोकसंख्या धरून तिला माणशी लिटरने गुणतात. केंद्र सरकारच्या १९९९ च्या नियमपुस्तिकेत शुद्धीकरण यंत्रणा १५ वर्षांसाठी आणि जलवाहिन्या ३० वर्षांसाठी धरल्या आहेत. भुयारी गटारे असलेल्या शहरासाठी माणशी रोज १३५ लिटर धरतात. जलजीवन मिशनमध्ये गावासाठी माणशी किमान ५५ लिटर आहेत. म्हणजे दहा हजार वस्तीला शहराच्या हिशेबाने साडेतेरा लाख लिटर, तर गावाच्या हिशेबाने साडेपाच लाख. साजगावसारखे गाव ग्रामपंचायतीचे असले तरी बाजार मात्र शहरासारखा वाढतो, अडचण येथेच आहे.

त्याच नियमपुस्तिकेत खानावळीच्या एका खुर्चीमागे रोज ७० लिटर धरले आहेत. तीस खुर्च्यांच्या खानावळीला २,१०० लिटर लागतात, म्हणजे गावच्या हिशेबाने ३८ माणसांचे पाणी. ही खानावळ कागदावर नसेल, तर ती ३८ माणसांच्या वाट्यातून पाणी घेते किंवा मालक टँकर मागवतो. टँकरचे पैसे नफ्यातूनच जातात.

आपण काय करावे?

१) दुकान किंवा कारखान्याला रोज किती पाणी लागते ते महिनाभर मोजून लिहून ठेवावे.

२) नळजोडणी घरगुती नव्हे, व्यावसायिक म्हणून घ्यावी. दर जास्त पडतो, पण नोंद राहते. नोंद नसलेली गरज आराखड्यात येत नाही.

३) गावची पाणी योजना ग्रामसभेपुढे येते. त्या दिवशी दुकान तासभर बंद ठेवून हजर राहावे आणि बाजाराची गरज लेखी द्यावी. सर्व दुकानदारांचे एकत्र निवेदन असेल तर वजन पडते.

४) पाणी कोणत्या स्रोतातून येणार आणि मे महिन्यात तेथे किती उरते, हे जरूर विचारावे.

५) प्लंबर, वेल्डर, पंप दुरुस्ती करणारे कारागीर यांनी परवाना व उद्यम नोंदणी आजच करून ठेवावी. केंद्र बांधून झाले तरी वाहिन्या जोडणे व पंप सांभाळणे हे काम वर्षानुवर्षे चालते.

केंद्राची पायाभरणी झाल्यावर केलेली तक्रार फारशी उपयोगी पडत नाही. आराखडा कागदावर असताना दिलेला एक अर्ज जास्त काम करतो.