न सांगता पाजलेले औषध: गुन्हा कुठे सुरू होतो?

चहात, सरबतात गुंगीचे औषध कालवून एखाद्याला पाजले, पण पुढे चोरी किंवा अत्याचार घडला नाही, तर पोलीस तक्रार घेणार नाहीत असे पुष्कळ जण धरून चालतात. तसे नाही. इजा करण्याच्या किंवा दुसरा गुन्हा करण्याच्या हेतूने, किंवा इजा होईल हे ठाऊक असून औषध दिले, की गुन्हा तिथेच झाला. पूर्वी हे भारतीय दंड संहितेचे कलम ३२८ होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १२३ आहे. शिक्षा दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड, गुन्हा अजामीनपात्र.

"ती हो म्हणाली होती," हा बचाव नेहमीचा. पण गुंगीत किंवा नशेत काय चालले आहे हे बाईला कळतच नसेल, तर तिचा होकार कायद्याने होकार नव्हे. कलम ६३ प्रमाणे तो बलात्कारच. दारू तिने स्वतः घेतली असली तरीही.

शंका आली तर वेळ घालवू नका. काही औषधे शरीरातून काही तासांतच निघून जातात. लघवीत जरा जास्त वेळ सापडतात. दवाखाना लांब असेल तर पहिली लघवी स्वच्छ बाटलीत धरून न्या. अत्याचाराचा संशय असेल तर आंघोळ करू नका, कपडे धुऊ नका, कागदात गुंडाळून ठेवा. उरलेला चहा, ग्लास, गोळ्यांचे पाकीट फेकू नका. आणि दवाखान्यात तोंडाने सांगा: "काहीतरी पाजले असावे, रक्त-लघवी तपासायला घ्या." न सांगितल्यास हा नमुना राहून जातो, हे आम्ही वॉर्डात पाहिले आहे. आधी पोलिसांचा कागद आणा, असे कोणी म्हटले तर ऐकू नका. अत्याचारग्रस्त बाईवर तात्काळ मोफत उपचार करणे सरकारी-खासगी दोन्ही दवाखान्यांना बंधनकारक आहे. नाकारणे हा गुन्हा आहे. एफआयआर कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो.

लेकरू झोपावे म्हणून अफू चाटवणाऱ्या घरांनीही ऐकावे: बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे.

आता बायाबापड्यांना कडू लागेल असे. "नवऱ्याला न कळता दारू सोडवा" अशी पुडी भाजीत मिसळली जाते. पुडीत काय आहे हे बहुधा लिहिलेले नसते. त्यात डायसल्फिराम असेल आणि वरून दारू पोटात गेली, तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. जीवही जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. डॉक्टर हेच औषध देतात, पण रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने, तपासणी करून. मार खाणाऱ्या, उपाशी झोपणाऱ्या बाईचा संताप आम्हाला कळतो. तरी इजा होईल हे ठाऊक असून पुडी घातली तर कलम १२३ तिच्यावरही लागू शकते, आणि पुडी विकणारा नामानिराळा राहतो. त्यापेक्षा १४४४६ वर फोन करा, ही सरकारची मोफत व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. मारहाण होत असेल तर १८१.