खडकीतली नावे, बसऱ्यातले आकडे

पुण्यात खडकीला मुळा रोडवर एक युद्ध-दफनभूमी आहे. रोज त्या रस्त्याने जाणाऱ्यांपैकी फार थोडे आत डोकावतात. फाटकातून आत गेले की कापलेली हिरवळ, सरळ ओळींत उभे पांढरे दगड आणि दगडी क्रूसावर उलटी धरलेली काशाची तलवार दिसते. दुसऱ्या महायुद्धातील 1668 सैनिक येथे पुरलेले आहेत. पश्चिम आणि मध्य भारतातील छावण्यांच्या, इस्पितळांच्या आसपास विखुरलेल्या ज्या कबरींची कायमची निगा राखणे शक्य दिसत नव्हते, त्या उकरून एकत्र आणण्यासाठी ही जागा घेतली गेली. म्हणजे येथील लोक बहुधा रणांगणावर नव्हे, तर आजाराने, अपघाताने किंवा जखमा चिघळून गेलेले आहेत.

दगड नीट वाचावेत. वर पलटणीचे चिन्ह, खाली सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव, मृत्यूची तारीख, वय. अगदी तळाशी कधी घरच्यांनी पाठवलेली एखादी ओळ. कर्नल असो की साधा शिपाई, दगडाचा आकार एकच. हा नियम सहज झालेला नाही. 1917 साली फेबियन वेअर यांच्या प्रयत्नांतून ब्रिटिश साम्राज्याचा युद्ध-कबर आयोग स्थापन झाला. (1960 पासून तो राष्ट्रकुल आयोग म्हणून ओळखला जातो, खडकीची देखभाल तोच करतो.) प्रेत मायदेशी न्यायचे नाही आणि श्रीमंतांनी आपल्या मुलासाठी वेगळी समाधी बांधायची नाही, असे त्याचे धोरण होते. ते कित्येक आईबापांना जुलमी वाटले. 1920 साली ब्रिटिश संसदेत त्यावर कडाक्याची चर्चा झाली आणि समान दगडाचा पक्ष टिकला. घरच्यांना मोकळीक होती ती तळाच्या ओळीपुरती. पहिल्या महायुद्धानंतर तिलाही 66 अक्षरांची मर्यादा होती.

पहिल्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात मरण पावलेल्या, पण जुन्या कबरींची निगा राखणे शक्य न राहिलेल्या 1800 हून अधिक जणांची नावेही येथील एका स्मारकावर आहेत. पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेच्या 193 सैनिकांची नोंदही येथेच आहे. घाना किंवा केनियातला एखादा तरुण, त्याचे नाव खडकीत.

आणि मग साहजिक प्रश्न पडतो. आपले लोक कुठे आहेत? सातारा, रत्नागिरी, कुलाबा या जिल्ह्यांनी दोन्ही महायुद्धांना इतकी माणसे पुरवली, तरी या ओळींतून मराठा शिपायाचे नाव शोधत फिरणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. याचे एक कारण सरळ आहे. हिंदू सैनिकाला अग्नी दिला जाई, त्यामुळे कबरच नाही. मग दगड कशावर उभा करणार? अशांची नावे एखाद्या सामाईक स्मारकावर कोरायची, असा तोडगा आयोगाने काढला होता. फ्रान्समध्ये नव-शापेल येथील स्मारकावर 4700 हून अधिक भारतीयांची नावे आहेत. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात शत्रूच्या मशीनगनवर एकट्याने चालून गेले आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचे नाव इटलीतच कॅसिनोच्या स्मारकावर आहे. दुसऱ्या महायुद्धातील अविभाजित भारताच्या 25 हजारांहून अधिक सैनिकांची नावे दिल्ली आणि कराची येथे ठेवलेल्या नोंदग्रंथांत आहेत. दगडावर नाही, पण निदान कागदावर नाव आहे.

दुसरे कारण मात्र इतके सरळ नाही. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी सर्वाधिक झिजल्या त्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. 103, 110 आणि 117 या तिन्ही मराठा पलटणी कूतच्या वेढ्यात अडकल्या होत्या. 29 एप्रिल 1916 रोजी तेथील फौजेने शरणागती पत्करली, आणि पुढे तुर्कांच्या कैदेत असंख्य शिपाई मेले. 1929 साली बसऱ्याला स्मारक उभे राहिले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे आहेत, भारतीय अधिकाऱ्यांची आहेत. पण साध्या भारतीय शिपायांचा पलटणीगणिक नुसता आकडा आहे. अशा आकड्यात गेलेल्यांची संख्या तीस हजारांहून अधिक आहे.

येथे अग्निसंस्काराची सबब चालत नाही. नव-शापेलला ज्यांची नावे कोरली तेही त्याच सैन्याचे, त्याच धर्मांचे. फरक एवढाच की फ्रान्समधले स्मारक युरोपच्या डोळ्यांसमोर होते. बसऱ्याला पाहायला साताऱ्याहून कोण येणार, असा हिशेब झाला असावा, असे मला वाटते. 2021 साली आयोगाने स्वतःच नेमलेल्या समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. पहिल्या महायुद्धातील 45 ते 54 हजार मृतांना, ज्यांत भारतीय आणि आफ्रिकी बहुसंख्य होते, समान वागणूक मिळाली नाही. शिवाय किमान 1 लाख 16 हजार जणांची नावानिशी स्मृती राखलीच गेली नाही, कदाचित ही संख्या साडेतीन लाखांपर्यंत जाईल, असे त्यात म्हटले आहे. त्यामागे वंशभेद होता हेही अहवालाने मान्य केले आणि आयोगाने माफी मागितली.

आपल्याकडच्या खेड्यांतही याच हिशेबाची खूण सापडते. कित्येक गावांच्या चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी बसवलेली असते: या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, पैकी इतके कामी आले. नाव एकाचेही नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाचा आकडा 46 आहे.

ज्यांच्या घरात पणजोबा ‘बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत’ अशी गोष्ट सांगितली जाते, त्यांनी आयोगाच्या संकेतस्थळावरील नोंदी जरूर पाहाव्यात. पलटणीच्या कागदांवरून मिळालेली पुष्कळ नावे आता तिथे आहेत. काही ठिकाणी वडिलांचे नाव, गाव आणि तालुकाही दिलेला असतो. शोधताना मात्र एक अडचण येते. गोऱ्या कारकुनाने आपली नावे कानाला आली तशी इंग्रजीत लिहिली आहेत. घाडगे सापडले नाहीत तर घाटगे, गाडगे असे करून पाहावे लागते, आणि गावाच्या नावाची तर त्याहून बिकट अवस्था असते.