सांदणच्या घळीला जाताना : गाडी ठरवण्याविषयी थोडेसे

दिवाळीची सुट्टी संपून महाविद्यालय सुरू झाले की वर्गावर्गांतून सहलीची भाषा सुरू होते. मी येथे आले त्याला दोन वर्षे होत आली, आणि दोन्ही वर्षी या चर्चेत सांदणचे नाव सर्वांत पुढे होते. सांदणविषयी बोलताना सगळे खडकांविषयी, पाण्याविषयी आणि छायाचित्रांविषयी बोलतात. तेथवर नेणाऱ्या गाडीविषयी फारसे कोणी बोलत नाही. बोललेच तर "किती घेणार?" एवढेच. वास्तविक एका दिवसात सांदण पाहून परतायचे असेल, तर तो दिवस कसा जाणार हे निम्म्याहून अधिक गाडी कशी ठरवली यावर अवलंबून असते. या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार इतकाच की माझे वडील घोटीच्या स्टँडवर जीप चालवतात, आणि त्यांच्या फेऱ्यांची वही सातवीपासून मी लिहीत आले आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे वहीतला हिशेब आणि वर्गातली चर्चा या दोन्ही बाजू माझ्या कानावर पडतात.

प्रथम सांदणविषयी. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या जलाशयापलीकडे, सह्याद्रीच्या अगदी कड्यावर साम्रद नावाचे गाव आहे. एका बाजूला रतनगड, दुसऱ्या बाजूला अलंग, मदन, कुलंग ही दुर्गत्रयी. हा सारा प्रदेश कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. गावापासून थोडे चालले की जमीन एकाएकी दुभंगलेली दिसते, तीच सांदण. आपण तिला दरी म्हणतो, पण आपल्या भाषेत याहून नेमका शब्द आहे, तो म्हणजे घळ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून बनलेल्या काळ्या बेसाल्ट खडकाला पडलेली भेग, आणि ती भेग युगानुयुगे कोरत गेलेले पावसाचे पाणी, अशी ही घडण. लांबी सुमारे दोन किलोमीटर. दोन्ही बाजूंच्या भिंती दोनशे-तीनशे फूट उंच. आणि काही ठिकाणी रुंदी इतकी कमी की हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात. तळाशी ऊन फार थोडा वेळ पोहोचते. पायवाट अशी नाहीच, एका धोंड्यावरून दुसऱ्या धोंड्यावर जायचे. वाटेत पाण्याचे डोह लागतात. पावसाळा संपल्यावर पाणी कमरेच्याही वर असू शकते, पुढे उन्हाळ्याकडे ते आटत जाते.

घळीच्या दुसऱ्या टोकाला खडक एकदम तुटतो. तेथून पुढे दोराच्या साहाय्याने उतरावे लागते, आणि उतरणारा करोली घाटाच्या बाजूने कोकणात, ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील डेहणे गावाकडे निघतो. गाडीचा पहिला प्रश्न इथेच उभा राहतो. माणूस घळीतून सरळ खाली जातो, पण ज्या गाडीने त्याला साम्रदला सोडले तिला घोटीला परत येऊन, कसारा घाट उतरून, शंभर किलोमीटरहून अधिक वळसा घालून डेहण्याला जावे लागते. गाडी ठरवताना "सांदणला जायचे आहे" एवढेच सांगणारे पुष्कळ असतात. खाली उतरणार की आलो त्याच वाटेने परतणार, हे आधी सांगितले नाही तर भाड्याचा वाद संध्याकाळी ठरलेलाच. एका दिवसाच्या आणि नवख्या मंडळींच्या सहलीला पहिल्या कड्यापर्यंत जाऊन परत फिरणे हेच योग्य. दोर, जाणकार माणसे आणि बहुधा मुक्काम लागणारी ती दुसरी सहल वेगळी, आणि तिच्या गाडीचा हिशेबही वेगळा.

आता भाड्याकडे वळू. आपल्याकडे पुष्कळांचा हिशेब असा असतो: नाशिकहून साम्रद सुमारे ९० किलोमीटर, जाऊन-येऊन १८०, जीप लिटरला १२ किलोमीटर चालली असे धरले तर १५ लिटर डिझेल, डिझेल समजा ९० रुपये लिटर, म्हणजे १,३५० रुपये. मग जीपवाला याच्या तिप्पट कसले मागतो? हा प्रश्न वर्गात अगदी मोठ्याने विचारला जातो. उत्तर असे की जीप नुसत्या डिझेलवर चालत नाही. विमा, योग्यता-प्रमाणपत्र, टायर, कर्जाचा हप्ता, आणि त्या दिवशी स्टँडवरचा जो नंबर बुडाला त्याचे उत्पन्न, हे सारे त्याच भाड्यातून निघायचे असते. शहरातले टॅक्सीवाले बाहेरगावच्या दिवसाला किमान २५० किंवा ३०० किलोमीटर धरतात. गाडी त्याहून कमी चालली तरी पैसे तेवढ्याचेच. शिवाय चालकाचा भत्ता, आणि टोल लागल्यास तो निराळा. याला लबाडी म्हणणे सोपे आहे. पण दिवसभर साम्रदच्या झाडाखाली उभी असलेली गाडी त्या दिवशी दुसरे काहीच कमावू शकत नाही, हेही तितकेच खरे आहे.

पैसे वाचवण्याचा खरा मार्ग घासाघीस हा नव्हे. तो आहे रिकामी फेरी टाळणे. समजा घोटीची जीप नाशिकला बोलावली. ती सुमारे ४० किलोमीटर रिकामी येणार, १८० किलोमीटर तुम्हांला नेऊन आणणार, आणि पुन्हा ४० किलोमीटर रिकामी घरी जाणार. एकूण २६०. त्याऐवजी एस. टी. ने घोटीला आलात, तर घोटी ते साम्रद सुमारे ५०, जाऊन-येऊन १००. एस. टी. चे तिकीट धरूनही फरक मोठा पडतो. मुंबईकडून येणाऱ्यांना कसाऱ्यापर्यंत लोकल आहे, त्यांनीही हाच विचार करावा. आमच्या वहीत याच कारणासाठी मी दोन रकाने आखले आहेत, 'भरलेले' आणि 'रिकामे'. दुसऱ्या रकान्यातला आकडा प्रवाशाला दिसत नाही, पण तोही प्रवाशाच्याच खिशातून जातो.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गाडीच्या नंबरपाटीचा रंग आधी पाहावा. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे भाड्याने प्रवासी नेण्याची गाडी. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे घरगुती गाडी. (विजेवर चालणाऱ्या गाड्यांची पाटी हिरवी असते, त्यांतही अक्षरे पिवळी असली तर ती भाड्याची.) मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे भाड्याने प्रवासी नेण्यास परवाना लागतो. विनापरवाना धंदा केल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर १०,००० रुपये दंड आहे. दंड गाडीमालकाचा, आपल्याला काय, असे कोणी म्हणेल. पण घरगुती गाडीच्या विम्यात ती भाड्याने वापरायची नाही अशी अट असते. काही विपरीत घडले तर ती अट पुढे येते, आणि भरपाईसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवणे नशिबी येते. पांढऱ्या पाटीची गाडी हजारभर रुपयांनी स्वस्त मिळते ती याच कारणाने. परवाना आणि प्रवाशांचा विमा यांचा खर्च तिला नसतो. ज्या पोरांना दुसरा उद्योग नाही, ती अशा गाड्या चालवतात, हे मला माहीत आहे, त्यांतले काही माझ्या ओळखीचे आहेत. त्यांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. परंतु दहा आई-बापांची मुले ज्या गाडीत बसणार, तिची पाटी पाहण्याला एक मिनिटही लागत नाही.

माणसांच्या संख्येचेही तसेच. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे चालक सोडून सहापर्यंत प्रवासी नेणारी ती मोटार कॅब, आणि सातपासून बारापर्यंत नेणारी मॅक्सी कॅब. वडिलांच्या जीपच्या परवान्यावर नऊ प्रवासी आहेत. एकदा एका महाविद्यालयाची चौदा मुले आली आणि "काका, दाटीवाटीने बसतो" म्हणू लागली. वडिलांनी दुसरी जीप लावून दिली, तर मुले रागावून निघून गेली. स्टँडवर रोज दाटीवाटी चालते, मग आम्हांलाच कायदा का, हे त्यांचे म्हणणे अगदीच खोटे होते असे मला म्हणवत नाही. पण विमा परवान्यावरच्या आसनांचा असतो, आणि शेंडीपासून पुढे मुरशेत, पांजरे, उडदावणे असा जाणारा रस्ता वळणावळणाचा आहे. भरलेली जीप आणि कोंबलेली जीप यांतला फरक अशा वळणावर कळतो.

आता वेळेविषयी. नाशिकहून पहाटे तीनला निघायचे आणि रात्री बारापर्यंत परतायचे, असा बेत आखणाऱ्यांना एक विचारावेसे वाटते: चालक केव्हा झोपणार? गाडी घोटीची असेल तर तो दोनच्या आधी उठलेला असतो. मोटर परिवहन कामगार अधिनियम, १९६१ मध्ये दिवसाला आठ तासांची मर्यादा होती; पण तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या संस्थांना लागू होता. स्वतःची एकच जीप चालवणाऱ्याला तो शिवतही नव्हता. त्याचे तास कोण मोजणार? मोजले तर ठरवणाऱ्यांनीच. म्हणून भाडे ठरवताना रकमेबरोबर सुटण्याची आणि परतण्याची वेळही बोलून घ्यावी. एका सहलप्रमुखाने फोनवर फारच ओढून धरले तेव्हा वडील त्याला म्हणाले, "बाळा, पैसे कमी करतो, पण मंग टाइम पाळायचा." मला यात पूर्ण व्यवहार दिसतो. वेळेवर सुटलेला चालक दुसऱ्या दिवशी सकाळी नंबर लावू शकतो, आणि ती सवलत त्याला परवडते.

वेळेला घळीच्या दृष्टीनेही महत्त्व आहे. सकाळी आठ-नऊच्या सुमारास आत शिरले तर धोंड्यांवरून जायला दोन-तीन तास आणि यायला तेवढेच, असा हिशेब धरावा. एक वाजला की कडा येवो न येवो, परत फिरावे. आत अंधार लवकर होतो. पावसाळ्यात तर तेथे जाऊच नये. वर कोसळलेला पाऊस घळीतून लोंढा होऊन येतो आणि भिंती अशा की बाजूला व्हायला जागा नाही. अवकाळीचे ढग दिसले तरी हाच नियम. अशा दिवशी रतनवाडीचे अमृतेश्वराचे मंदिर पाहावे. चालकाला आधी कल्पना दिली तर तो फारसे जास्त न घेता तिकडे नेतो. मेअखेरीस काजव्यांच्या दिवसांत मात्र भंडारदऱ्याच्या रस्त्यावर गाड्यांची इतकी रीघ लागते की वेळेचा कोणताच हिशेब चालत नाही.

काही बारीकसारीक गोष्टी राहिल्या. डिझेल घोटीलाच भरून घ्यावे आणि त्यासाठी थोडी रक्कम आगाऊ द्यावी, उरलेली परतल्यावर. स्टेपनीत हवा आहे ना, दिवे लागतात ना, हे विचारण्यात अपमान नाही, चांगला चालक उलट खूश होतो. अभयारण्याचे प्रवेशशुल्क भाड्यात धरलेले नसते. साम्रदला मोबाईलला रेंज मिळेलच असे समजू नये, तेव्हा घळीत उतरण्यापूर्वी गाडी कोठे थांबेल आणि किती वाजता निघायचे हे चालकाशी समक्ष बोलावे. गावात पिठले-भाकरी करून देणारी घरे आहेत. जेवण सकाळी आत जातानाच सांगून ठेवावे, आणि ताटे मोजताना चालकाचे ताट धरावे. जेवण उरकून चार वाजता गाडी हलली की बारीपर्यंतचा वळणांचा रस्ता उजेडात पार पडतो, आणि घोटीहून नाशिकची एस. टी. मिळायला पुरेसा वेळ हाताशी राहतो.