सांगड

— द्वितीय वर्ष बी. ए.

गेल्या वर्षी मराठीच्या तासाला सरांनी फळ्यावर लिहिले : 'आशय आणि अभिव्यक्ती यांची सांगड.' सर्वांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतले. मी मात्र थबकलो. माझ्या डोळ्यांसमोर ना आशय होता, ना अभिव्यक्ती. होत्या त्या शेजारी शेजारी बांधलेल्या दोन होड्या. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. इथला एखादा शब्द आमच्या घरी आधीपासून नांदत असावा, हा अनुभव मला नवीन होता. म्हणून त्या शब्दाविषयी आणि त्याच्या मिरवणुकीविषयी चार गोष्टी सांगाव्यात, असे वाटले.

गोव्यातील मांडवी आणि झुआरी या दोन नद्यांना जोडणारा सुमारे १५ किलोमीटर लांबीचा जलमार्ग आहे. त्याला कुंभारजुव्याचा कालवा म्हणतात. पण तो कुणी खणलेला नाही, निसर्गानेच केलेला आहे. अलीकडच्या तीरावर तिसवाडीतील कुंभारजुवे, पलीकडे फोंडा तालुक्यातील माशेल. गणेशचतुर्थीपासून सातव्या दिवशी या पाण्यावर 'सांगोड' निघतो. सांगोड म्हणजे दोन होड्या जोडून केलेला तराफा. कोंकणीतला हा सांगोड आणि मराठीतली 'सांगड' ही एकाच घरची भावंडे. मराठी कोशातही 'सांगड' या शब्दाला जोडलेल्या होड्यांचा अर्थ आहे. आपण विचारांची सांगड घालतो, ती मुळात अशी पाण्यावरची आहे.

या उत्सवामागे एक स्थलांतर आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तिसवाडीतील देवळे पाडली. तेव्हा कुंभारजुव्याच्या शांतादुर्गेला भक्तांनी पाण्यापलीकडे नेले आणि ती माशेलला स्थिरावली. तो मुलूख त्या काळी पोर्तुगिजांच्या सत्तेबाहेर होता. माशेलच्या देवळातील या देवीला आजही 'शांतादुर्गा कुंभारजुवेकरीण' म्हणतात. गाव सुटले, पण नावात राहिले. देवीच्या त्या प्रवासाची आठवण सांगोडाने जपली आहे, असे जाणती माणसे सांगतात. गणपतीच्या विसर्जनाबरोबर सजवलेले सांगोड पाण्यावर फिरतात. त्यांवर रामायण-महाभारतातील प्रसंगांचे देखावे असतात आणि ते पाहण्यासाठी काठावर गर्दी लोटते.

आता सांगोड बांधतात कसा, ते पाहू. होडी लांब आणि अरुंद असते. तिच्यात उभे राहून कुणी नाच करू लागला, तर ती कलंडणारच. दोन होड्यांमध्ये अंतर ठेवून त्या जोडल्या, की ज्या बाजूला भार पडतो ती होडी किंचित खाली जाते आणि पाणी तिला तितक्याच जोराने वर रेटते. म्हणून वर दहा-बारा माणसे निर्धास्त उभी राहू शकतात. जोडण्यासाठी आडवे वासे घालतात, एक पुढे आणि एक मागे. दोन्ही वासे मध्यावर आले, तर होड्या कात्रीसारख्या उघडतात-मिटतात. माझे वडील वासे दोरीनेच बांधतात, खिळा मारू देत नाहीत. दोरी थोडी लवते आणि होड्यांना लाटेवर हलू देते. शिवाय दुसऱ्या दिवशी त्याच होडीने मासे धरायला जायचे असते!

दिवसही मोठा सोयीचा आहे. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती येते, तर अष्टमीनंतर दोन-एक दिवस भांगाची. चतुर्थीपासून सातवा दिवस दशमीच्या आसपास येतो. त्यामुळे भरती-ओहोटीची ओढ त्या दिवशी बेताची असते. हा योगायोग असो वा पूर्वजांचा हिशेब, वल्हेकऱ्याला त्याचा उपयोग होतो.

मी प्रथम वल्हे धरले तेव्हा बारावीत होतो. सांगोडात डावीकडच्या होडीने फक्त डावीकडे वल्हवायचे आणि उजवीकडच्या होडीने उजवीकडे. मधल्या बाजूला वल्ह्याला जागाच नसते. काठावर माझे वर्गमित्र उभे होते. त्यांना आपली ताकद दिसावी म्हणून मी आणि माझ्या पुढचा मुलगा जोरजोरात वल्ही मारू लागलो. क्षणभर मोठा अभिमान वाटला. मग लक्षात आले, की सांगोड पुढे जात नव्हता, आडवा वळत होता. वरचा राम पुठ्ठ्याच्या धनुष्यासकट तोल जाऊन लक्ष्मणावर पडला आणि काठावर हशा पिकला. सुकाणूवरून वडील एवढेच म्हणाले, "बाबू, पलीकडच्या होडीत कोण आहे ते बघ." पलीकडे माझे काका होते. त्यांचा खांदा दुखावलेला असूनही ते वल्हवत होते. मी त्यांच्या वल्ह्याकडे पाहत माझे वल्हे टाकू लागलो, तेव्हा कुठे सांगोड सरळ झाला.

गोव्यातील ख्रिस्ती मच्छीमारही २९ जूनला, संत पेद्रूच्या फेस्ताला, होड्या जोडून सांगोड करतात. त्यावर गाणी आणि नाटके होतात. देव निराळे, पण बांधणी तीच.

कॉलेजात आल्यापासून माझ्या बोलण्यात असे शब्द येऊ लागले, की आई ऐकून गप्प बसते. कधी कधी मीच एकट्याने जोरात वल्हे मारतो आहे, असे मला वाटते. त्या दिवशी घरी गेल्यावर मी वडिलांना फळ्यावरचे वाक्य वाचून दाखवले आणि त्याचा अर्थही सांगितला. त्यांनी जाळे विणता विणता ऐकून घेतले. मग विचारले, "ते ठीक आहे. पण वासे कुठे बांधायचे, ते तुमच्या सरांनी सांगितले का?"

ते अजून सांगितलेले नाही. पुढच्या तासाला मी सरांना विचारणार आहे.